हातातून न सुटलेलं बाळ

आधीच सांगते, भूतप्रेत, पुनर्जन्म यातलं मी काही मानत नाही. अंधेरीतल्या एका प्रसूतिगृहात तीस वर्षं आया होते... जन्म आणि मरण, दोन्ही साबण-पाण्याने धुतलंय या हातांनी. मानायला वेळ कुठे होता? तरी गेल्या वर्षी मढ बेटावर शूटिंगला जे झालं ते लिहिते. हसायचं तर हसा.

शेजारची पल्लवी पिक्चरमध्ये असिस्टंट आहे. म्हणाली, "आजी, हॉरर पिक्चर आहे, सुईणीचं काम. एकच दिवस. चल ना!" गेले. समुद्राकडचा बंगला, भर दुपार, आणि आवाज येतो म्हणून पंखेसुद्धा बंद!

सीन असा – मेलेली बाई सूड घ्यायला पुन्हा जन्माला येते. मी बाळ बाहेर काढायचं, तोंड बघून किंचाळायचं आणि त्याला खाली टाकून पळायचं. बाळ रबराचं. पण काय बनवलं होतं... वजनसुद्धा खऱ्याएवढं.

किंचाळले झकास. पण बाळ टाकलंच नाही! एक हात आपोआप त्याच्या मानेखाली गेला, दुसऱ्याने मी त्याचं तोंड पुसायला लागले.

"कट! आजी, भूत आहे ते, न्हाऊ काय घालताय?" डायरेक्टर ओरडला. माझ्या नातवाएवढा पोरगा.

तीन टेक असेच गेले.

"आजी, रबर आहे हो!"

"मला कळतंय रे. हातांना कळत नाही, त्याला मी काय करू?"

सगळे हसले. मीपण.

आता एक सांगायला हवं. माझं पहिलं मूल पोटातच गेलं. तेव्हा आईला दाखवत नसत, माया लागते म्हणून. कपड्यात गुंडाळून हे घेऊन गेले. मुलगा की मुलगी, तेही मी विचारलं नाही. पुढे दोन मुलगे झाले, नोकरीत लोकांची किती बाळं हातात घेतली... ते एक सोडून.

चौथ्या टेकला मन घट्ट केलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात सोडले.

बाळ पडलं नाही. माझ्या करंगळीला लटकलं होतं – मूठ आवळून. नवजात बाळाच्या हातात ज्यांनी बोट दिलंय त्यांना ती पकड ठाऊक आहे. तीच. ऊबसुद्धा तीच. मी त्याला छातीशी धरलं आणि म्हटलं, "आहे हो बाय, आहे मी." पोरीला म्हणावं तसं बाय का म्हटलं, देव जाणे.

कट कुणी म्हणेचना. शेवटी पल्लवीने हलकेच ते घेतलं. मूठ कसली! बोटं ताठ, उघडी, दाबून वाकेनात. मॉनिटरवर मात्र सगळ्यांनी बघितलं होतं. डायरेक्टर म्हणाला, नकली रक्तात साखरेचा पाक असतो, चिकटलं असेल. असेल बाबा. अडीच किलोचं बाळ पाकाने लटकतं का, मला माहीत नाही. टाकायचं काम मग दुसऱ्या बाईने केलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. वाटलं, चेष्टा करतील. ह्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाळाबद्दल बोलले, "मुलगी होती."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"केस खूप होते गं. तुझ्यासारखे."

मग दोघं रडलो... या वयात!

काय होतं ते, मला अजून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर कळवा. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मात्र तिचं नाव ठेवलं. ते विचारू नका – घरातलं आहे.