भर दुपारची रात्र

आमचे हे चष्म्याच्या दुकानात बसतात. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एक भिंग काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, "आता सांगा, हे स्पष्ट की ते?" घरीही सुटका नाही. पडद्याचं कापड घ्यायला गेलो तरी दोन तुकडे शेजारी-शेजारी धरून उभे. माझी बहीण म्हणते, लग्नाआधी तुलाही कुणाशेजारी तरी धरून पाहिलं असणार. मी म्हणते, पाहिलं असतं तर बरं झालं असतं, निदान नंतरची कुरकुर तरी वाचली असती.

ह्यांचा छंदही तसलाच, जुन्या सिनेमांचा. पण हे सिनेमे पाहतात ते आपल्यासारखे नाही. एकाच सिनेमाची जुनी टेप, मग निघालेली डिस्क, मग नव्याने साफसफाई करून काढलेली डिस्क, असं सगळं गोळा करायचं. प्रत्येकातलं तेच दृश्य थांबवून चित्रं शेजारी लावायची. इथे चेहरा तांबूस झालाय, तिथे आभाळ हिरवट, इथे ओरखडे गेले पण त्यांच्याबरोबर गालावरच्या सुरकुत्याही पुसल्या गेल्या. हे सगळं इंटरनेटवर लिहायचं, आणि पाहताना आवाज बंद. गोष्ट काय होती, ते ह्यांना विचारू नका. नायिका शेवटी मेली की जगली याचा पत्ता नसतो, पण तिच्या ओठांचा लाल कुठल्या डिस्कमध्ये खरा आहे ते छातीठोक सांगतील. वाचणारेही पुष्कळ आहेत. ह्यांचं वाचल्याशिवाय डिस्क विकत घेत नाहीत म्हणे.

माझे वडील, अण्णा, कॅमेरामन होते. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हाताखाली गेलं, स्वतःच्या नावावर एकच सिनेमा. त्याची एक टेप घरी होती, पण ती इतकी झिजलेली की माणसं धुक्यात हिंडल्यासारखी दिसत. एक कंपनी तो सिनेमा नव्याने काढायला निघाली, तेव्हा तिने ह्यांना दोन नमुने पाठवले, रंग दोन तऱ्हांनी लावलेले. एक काळोखा, एक उजळ. यातला कुठला घ्यावा, असं विचारलं होतं. ह्यांना आभाळ ठेंगणं झालं.

"अहो, अण्णांनाच विचारा की," मी म्हटलं. "दोन गल्ल्या पलीकडे तर राहतात."

"छे! थेट डिस्कच हातात देऊ. बघ कसे चकित होतात."

ह्यांनी नेहमीप्रमाणे चित्रं शेजारी लावली. काळोख्या नमुन्यात झुडपं नुसती काळी. उजळमध्ये पान न् पान दिसत होतं, नायकाच्या शर्टाची शिवणसुद्धा. ह्यांनी उजळ निवडला. नुसता निवडून थांबले नाहीत, तर "इतक्या वर्षांचा अंधार अखेर दूर झाला" असं लिहूनही दिलं. कंपनीने ते वाक्य ह्यांच्या नावासकट डिस्कच्या वेष्टनावर छापलं.

डिस्क आली तेव्हा अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही, आमची लेक आणि शेजारचे काका-काकू असे सगळे टीव्हीसमोर बसलो. सुरुवातीला अण्णा फार खूश होते. हळूच मला सांगत होते, "ती खिडकी बघ. आरसे लावून ऊन आत घेतलं होतं."

मग तो प्रसंग आला. रात्रीची वेळ, नायक जखमी होऊन रानात पडलाय, नायिका कंदील घेऊन त्याला शोधतेय आणि त्याच्या तोंडून हाक निघत नाहीये. लहानपणी टेपवर हा प्रसंग लागला की मी हमखास रडायचे. आता टीव्हीवर लख्ख ऊन पडलं होतं. झाडांच्या सावल्या जमिनीवर आखून ठेवल्यासारख्या. ती बाई भर उन्हात कंदील धरून ओरडत होती, "कुठे आहेस तू? मला काही दिसत नाही!" आणि तो चार पावलांवर ढळढळीत पडलेला.

आधी काका हसले, मग आमची लेक. "आजोबा, हिला चष्मा हवाय! बाबांच्या दुकानात पाठवा!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. ह्यांनी तो प्रसंग एकेक चित्र थांबवून पाहिला होता. सलग, आवाजासकट, एकदाही नाही. त्या काळी रात्रीचे रानात दिवे नेणं परवडत नसे. भर दुपारी कॅमेऱ्यासमोर गडद काच लावून चित्रीकरण करायचे आणि पुढे प्रिंट काळोखी काढून तिची रात्र करायचे. अण्णांनी केलेल्या रात्रीची ह्यांनी पुन्हा दुपार करून टाकली होती.

"काय हो, रात्र ना ही?" काकांनी डोळे पुसत विचारलं. "मग एवढं ऊन कसं?"

अण्णाही हसले. "माझाच अंदाज चुकला तेव्हा. नवखा होतो ना. उजेड जरा जास्तच झाला."

हे हातात कपबशी धरून मुकाट बसले होते. मला असा संताप आला की ती कपबशी हिसकावून घ्यावी. मी तोंड उघडणार, तोच अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला.

काका-काकू गेले तसे हे अण्णांसमोर येऊन बसले. "अण्णा, तुमची नाही, माझी चूक आहे. काळोखा नमुनाही होता माझ्याकडे. तोच बरोबर होता. मी..."

"ते कळलं मला. वेष्टन वाचलं ना मी."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"जावईबापू, लोक तुमचं ऐकतात. मला आता कुठे पुन्हा कॅमेरा धरायचाय?"

अण्णांनी चार शब्द सुनावले असते तर ह्यांना सोसलं असतं. पण चपला घालता घालता ते उलट ह्यांचीच समजूत काढत होते, खिडकी फार छान दिसली हो, म्हणून. ह्यांची मान वर होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकान उघडलंच नाही. झालेला सगळा प्रकार, काही न लपवता, लिहून काढला. कंपनीलाही कळवलं. कंपनी म्हणाली, डिस्क बाजारात गेल्या, आता काही करता येणार नाही. वाचणाऱ्यांची मात्र रीघ लागली. किती हा प्रामाणिकपणा! चूक कबूल करायला मोठं मन लागतं! तुमच्याबद्दलचा आदर दुणावला! हे एकेक अभिप्राय वाचत खाली खाली जात होते. अण्णांच्या त्या रात्रीबद्दल कुणी काही लिहिलंय का, ते शोधत होते. ती कशी केली होती, एवढं एकानेही विचारलं नव्हतं.

शेवटी ह्यांनी संगणक बंद केला. "अगं," मला म्हणाले, "त्यांच्या वाट्याचं एवढंसं कौतुक होतं, तेही मीच खाल्लं."