दिल्लीचा शब्द आणि आमची खाडी

ऐंशीच्या दशकात मी माहुलच्या एका कोळी घरची सून होते आणि संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला जायचे. परीक्षा व्हायच्या आधीच स्वतःला वकील समजायला लागले होते. अंबाड्यात फुलाऐवजी पेन खोचायचे! तेव्हाचा फोटो बघून नातवंडं हसतात. त्यांच्याआधी मी हसते.

घरची डोल जाळी, म्हणजे पिशवीसारखी मोठी जाळी, खाडीत पिढीजात खुंटांवर लागायची. काठच्या कारखान्याचं पाणी खाडीत उतरायला लागलं, तसा कोळंबीला रॉकेलचा वास यायला लागला. गिऱ्हाईक हुंगून परत करायचं. त्याच सुमाराला पर्यावरणाचा केंद्रीय कायदा आला. मी ओट्यावर बायका जमवून व्याख्यान झोडलं, "खाडीतली मासेमारी राज्याचा विषय असेल, पण दिल्लीनं परदेशी परिषदेत पर्यावरण जपायचा शब्द दिलाय. तो पाळायला संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते. कलम दोनशे त्रेपन्न! राज्याचं इथे काही चालत नाही." कारखान्याविरुद्ध दिल्लीला पाठवलेल्या अर्जातही तेच ठणकावून लिहिलं.

दिल्लीचे साहेब आले, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले. मग हुकूम आला : पाणी दूषित, सबब या पट्ट्यात मासेमारी बंद. कारखान्याला मात्र सुधारायला मुदत.

मी राज्याच्या मत्स्य खात्यात धावले. कारकुनानं त्यांच्याकडे आलेली माझ्याच अर्जाची नक्कल पुढे सरकवली.

"बाई, आमचं काही चालत नाही असं तुम्हीच लिहिलंय ना? मग जा ना दिल्लीला."

घरी सासूबाई जाळं गुंडाळत होत्या. "गो, दिल्लीनं भायेर सबूद दिला म्हनून माजा धंदा बंद कराचा?"

"नाही आई. करार कितीही मोठा असला तरी मूलभूत हक्क संसदेलाही ओलांडता येत नाहीत. आपण कोर्टात जाऊ."

"आनि तवर खाऊ काय? तुजा कलम?"

गेलो कोर्टात. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी हुकूम रद्द झाला. पोटापाण्याचा हक्क असा सरसकट काढून घेता येत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. वकिलानं पेढे मागितले आणि मी मूर्खासारखे ते वाटलेसुद्धा. खाडीत तोवर कोळंबी उरली नव्हती.

सासूबाई भाऊच्या धक्क्यावरून दुसऱ्याची मासळी विकत आणून चेंबूरच्या बाजारात बसायला लागल्या. गिऱ्हाईक विचारायचं, "माहुलची का हो मावशी?"

"तर! माहुलचीच," म्हणायच्या, आणि बाजूला बसलेल्या माझ्याकडे न बघता मासळीचा वाटा उचलून पिशवीत घालायच्या.