सांगू नका, वाजा

"सांगू नका, वाजा," असं म्हणून ते डोळे मिटायचे आणि डावा कान पुढं करायचे.

आता ते दौंडला मुलाकडं असतात. तेव्हा शिरूर-चौफुला रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही. गाडी कधी कुरकुरते, कुठल्या चाकात, असल्या माहितीत त्यांना रस नसे. गिऱ्हाइकानं गाडीचा आवाज तोंडानं काढायचा, मग मामा बिघाड सांगणार. एकदा सोसायटीचे चेअरमन रेडकासारखे ओरडत होते, तर शेजारी एक हेडमास्तर चक्क पारव्यासारखे घुमत होते. तुम्ही असतात तर हसला असतात. मीही हसलो. मग माझी पाळी आली.

लेकीचा साखरपुडा दोन दिवसांवर आलेला, भांडगावला, तिच्या होणाऱ्या सासरी. पहिल्या भेटीत त्यांच्या दारात आमची गाडी अशी किंचाळली होती, की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली. लेकीनं बजावलं, "बाबा, परत तसं झालं तर मी गाडीतनं उतरणारच नाही." ती आईवर गेलीय. म्हणजे खरंच उतरली नसती.

"मामा, ब्रेक मारला की..."

"सांगू नका. वाजा."

चारचौघांत मी कसला वाजतोय! शिंक दाबावी तसं सभ्यपणे "चीं" केलं.

"फॅनबेल्ट!" मामा म्हणाले. नवा बेल्ट बसवला. पहिल्याच गतिरोधकावर गाडी पुन्हा किंचाळली.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन परत गेलो. मामांनी कपाळाला हात लावला. "म्या न्हाई चुकलो, पाव्हणं. तुमी खोटं वाजला."

तेव्हा लेक पुढं झाली. मेंदीचे दोन्ही हात वर धरून तिनं "क्यँऽऽऽव" असं काही काढलं, की रस्त्यावरून चाललेला उसाचा ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर उतरून आपलीच चाकं बघू लागला.

"ब्रेक पॅड! फुडचं, डावं!" मामा उडालेच. "ह्याला म्हंत्यात वाजणं! शिका जरा लेकीकडनं."

साखरपुड्याला गाडी मामांनीच चालवली. माझ्या पायावर त्यांचा भरवसा नव्हता. भांडगावात गाडी दारात थांबली ती इतकी अलगद, की मंडपातल्या एकानंही मान वळवली नाही. लेक हसत उतरली. माझा जीव भांड्यात पडला.

मामा मात्र तसेच बसून. चेहरा उतरलेला. "कुणी ऐकलंच न्हाई की गं, पोरी."

लेकीनं मंडपाकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं, शालू सावरला आणि पुन्हा गाडीत बसली. मामांनी गाडी मागं मागं थेट रस्त्यापर्यंत नेली.

"काय विसरलं का?" व्याही घाबरून विचारू लागले.

"काही नाही," मी म्हणालो, "जरा सगळ्यांना गप्प बसायला सांगा."

मंडप गप्प झाला. सनईवालाही थांबला. मान ताठ करून मामा गाडी घेऊन आले आणि दारात थांबले. ऐकू आल्या त्या फक्त दार उघडताना लेकीच्या बांगड्या.