सातच्या पाढ्यातला ताप

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात निम्मा वाटा त्या रागाचाच आहे.

मी सांगलीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. काही वर्षांपूर्वी जत तालुक्यातल्या मेंढपाळांच्या वस्त्यांवर आम्ही एक पाहणी केली होती. मेंढ्यांपासून माणसाला एक ताप होतो. तो येतो, जातो, पुन्हा येतो, आणि अंगदुखीच्या गोळ्या गिळत लोक दिवस काढतात. ताप सुरू झाल्यापासून माणूस डॉक्टरकडे पोचेपर्यंत किती दिवस जातात, हे आम्हाला शोधायचं होतं. सगळे फॉर्म भरले ते तिथल्या उपकेंद्रातल्या सिस्टरांनी. मूळच्या वडूजकडच्या, पण निम्मी नोकरी जतमध्ये झालेली, त्यामुळे कानडीही फाडफाड बोलणाऱ्या. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. उन्हातान्हात वस्त्या त्यांनी तुडवल्या होत्या, म्हणून लेखकांच्या यादीत तुमचं नाव येईल असं मी पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. पाचवं, अगदी शेवटचं, पण येणार होतं.

लेख लिहायला दीड वर्ष लागलं. दोन नियतकालिकांनी तो न वाचताच परत केला असावा, इतक्या लवकर नकार आला. तिसऱ्याने परीक्षकांकडे पाठवला, तेव्हा मी विभागात पेढे वाटले. हात दाखवून अवलक्षण ते असं. दोन महिन्यांनी संपादकांची मेल आली. पहिल्या परीक्षकाला आमचं इंग्रजी आवडलं नव्हतं, ते आम्हालाही फारसं आवडत नव्हतं. दुसऱ्याचं म्हणणं मात्र एकच होतं. तापाच्या दिवसांचे आकडे खरे वाटत नाहीत, जवळजवळ प्रत्येकाला सातने भाग जातो, फॉर्म कुणाला न विचारताच भरले असावेत. महिन्याभरात समाधानकारक उत्तर द्या, नाहीतर लेख परत आणि महाविद्यालयाला पत्र.

मी एक्सेल उघडलं. सात, चौदा, एकवीस, चौदा, अठ्ठावीस, सात. सगळा सातचा पाढा. या रकान्याची मी सरासरी काढली होती, आलेख काढले होते, एका परिषदेत त्यावर तावातावाने बोलले होते, पण तो रकाना नुसता वरून खाली कधी वाचलाच नव्हता. मला भयंकर लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो.

आमचे आकडेमोड सांभाळणारे सहलेखक साताऱ्याला असतात. फोनवर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बाईंनी घरी बसून भरलेत. असं होतं. तो तक्ता काढू, त्यांचं नाव काढू आणि उरलेला लेख वाचवू." आकड्यांवर ज्यांचं पोट, त्यांच्याही नजरेतून हा पाढा सुटला होता, पण तेव्हा ते मला सुचलं नाही. उलट त्याच दुपारी मी सिस्टरांच्या वरिष्ठांना पत्र धाडलं, की पाहणीच्या काळात त्या खरोखर वस्त्यांवर जात होत्या का, याची खात्री करून कळवावे.

चार दिवसांनी सिस्टरांचा फोन आला.

"मॅडम, मला हापिसातनं नोटीस आलीया. खोट्या नोंदीबद्दल खुलासा द्या म्हणत्यात. तुमच्या पत्राचा हवाला हाय त्यात." आवाज चढलेला नव्हता. "तुमी आधी मला इचारायचं हुतं."

इतक्या वर्षांची नोकरी, आणि निवृत्तीच्या तोंडावर खोटेपणाचा शेरा, तोही माझ्या एका पत्रामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी काढली आणि जत गाठलं.

लसीकरण आटोपून सिस्टर लसींचा डबा आवरत होत्या. चहा घेणार का, असं त्यांनी विचारलं नाही. असं पहिल्यांदाच होत होतं. मी छापून नेलेला रकाना त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

"व्हय," त्या म्हणाल्या, "सातानं गुणलंय मीच."

मला वाटलं, झाली कबुली. पण त्यांनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चला, दावते."

त्यांच्या स्कुटीवर मागे बसून मी वस्तीवर गेले. एक म्हातारे मेंढपाळ सावलीत लोकर कातत बसले होते. सिस्टरांनी विचारलं, "मामा, सुनंला ताप कवा आला हुता?"

"गेल्या बाजाराच्या आदल्या बाजाराला."

"मग किती दिस झालं?"

हिला एवढंही मोजता येत नाही की काय, अशा नजरेने मामांनी सिस्टरांकडे पाहिलं. "आवं बाई, दोन बाजार झालं की."

मी न राहवून मध्येच म्हणाले, "पण नक्की दिवस किती? बारा, तेरा?"

"त्ये तुमी मोजा," मामा म्हणाले. "आमी बाजार मोजतो."

पुढच्या तीन घरांत हेच. आठवड्याचा बाजार हीच त्यांची तारीख. एका घरात तेवढा सैन्यातून निवृत्त झालेला गडी भेटला. त्याने तारीख सांगितली, वार सांगितला, आणि फीवर पाच वाजता चढला हेही सांगितलं.

परत येताना मी विचारलं, "सिस्टर, मग फॉर्मवर बाजार असं का नाही लिहिलंत?"

"तुमीच ट्रेनिंगला काय म्हणाला हुता? रकान्यात निस्तं दिवस पायजेत, शब्द चालायचा न्हाई. मी एकदा समासात लिवलं, तर तुमी समद्यांम्होरं माज्यावर वराडला. मग मी फार्माच्या मागच्या अंगाला लिवाय लागले."

मागच्या अंगाला. ते सगळे फॉर्म माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होते, आणि आम्ही स्कॅन केली होती फक्त पुढची बाजू. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सांगलीला पोचल्यावर हातपाय न धुता मी गठ्ठे उपसले. प्रत्येक फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीने, बारीक गोल अक्षरात, माणूस जे बोलला ते जसंच्या तसं लिहिलेलं होतं. 'दोन बाजार झालं.' 'तीन बाजार, मधे उतरला हुता.' आणि कितीतरी फॉर्मांवर हे: 'मेंढी गाभडली, त्याच्या म्होरल्या बाजाराला ताप आला.'

मी खुर्चीत बसले आणि ते ओळीने वाचत राहिले. मेंढीचा गर्भ पडतो आणि मग घरातल्या माणसाला ताप येतो, हा माग आम्ही विचारलाही नव्हता. फॉर्ममध्ये तसा प्रश्नच नव्हता. लोकांनी तो आपणहून सांगितला होता, आणि सिस्टरांनी माझी बोलणी खाऊनही तो लिहून ठेवला होता. मला रडू आलं, आणि त्याच वेळी आनंदही झाला.

त्यानंतरचे पंधरा दिवस मजेत गेले. तक्ता दिवसांऐवजी आठवड्यांत मांडला. बाजार मोजण्याची रीत पद्धतीच्या भागात सविस्तर लिहिली. नावं झाकून पाठीमागच्या नोंदी स्कॅन केल्या, शेजारी भाषांतर दिलं, आणि गाभडलेल्या मेंढ्यांचा नवा तक्ता जोडला. सातारकरांनी तारखेने बोलणारे फौजी आणि मास्तर वेगळे काढून पाहिले. त्यांचे आकडे सातच्या पाढ्यात बसत नव्हते. मग त्यांचा फोन आला. हा माणूस दशांश चिन्हाचीही चूक कधी कबूल करत नाही. "बाई खऱ्या निघाल्या, मॅडम. मी चुकलो. त्यांचं नाव माझ्या वर घाला." मी ते सगळ्यांच्याच वर घातलं, फक्त माझ्या खाली.

परीक्षकाचं उत्तर तीन आठवड्यांत आलं. शंका मागे घेतली होती. बाजाराचा परिच्छेद असाच ठेवा, असं काम करणाऱ्या इतरांना तो उपयोगी पडेल, असं म्हटलं होतं. पुढे लिहिलं होतं की लोकांचे शब्द इतक्या काळजीने जपणारी नोंद त्यांनी क्वचितच पाहिली आहे. लेख स्वीकारला होता. मी इतक्या मोठ्याने ओरडले की काय झालं म्हणून शिपाई धावत आला.

पण नोटीस अजून उभीच होती. सिस्टरांनी खुलाशात एकच वाक्य दिलं होतं, 'मी वस्तीवर जाऊनच विचारले आहे', आणि तो कागद फायलीत पडून होता. लेख छापून आल्यावर मी त्यांच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन मासिक सभेला गेले. साऱ्या नर्सबाया बसल्या होत्या, आणि नोटिशीचं प्रत्येकीला माहीत होतं. मी उभी राहून सांगितलं की चूक माझी होती, शिकवताना माझी, वाचताना माझी आणि पत्र लिहितानाही माझीच. परीक्षकाच्या ओळी मराठीत करून वाचल्या.

अधिकारी प्रसन्नपणे म्हणाले, "झालं गेलं विसरून जा, सिस्टर. अभिनंदन."

सिस्टर उभ्या राहिल्या. "सायेब, नोटीस लेखी आली हुती. माफी बी लेखी पायजे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद ओढला आणि मागचं पत्र चुकीचं होतं, मी ते मागे घेते, मला खेद आहे, असं लिहून सही केली. खाली साहेबांनी 'नोटीस रद्द' लिहिलं. सिस्टरांनी उभ्यानेच सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "शिक्का राह्यला."

शिक्का बसला, तसा मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. सिस्टरांनी कागदाची घडी पर्समध्ये घातली. छापील लेख त्यांनी त्यानंतर हातात घेतला. नावांच्या ओळीवरून बोट फिरवत त्या थांबल्या आणि शेजारच्या नर्सला दाखवून म्हणाल्या, "बघ गं, दुसरं हाय. पयल्या मॅडम, मग मी."