चाकणच्या ग्राउंडवर नाव ओरडायचं होतं

आधीच माफी मागते. शुद्धलेखन माझं कच्चंय, नववीनंतर शाळा सुटली. मोबाईलवर एका बोटानं टाइप करते, एवढं लिहायला दोन रविवार गेले. चुकलं तर सांभाळून घ्या.

चाकणला जायचं ठरलं ते रेश्मामुळं. ती शेजारच्या खोलीत राहते, आमच्या चिखलीच्या फुटबॉल टीमची लेफ्ट बॅक. मी तिच्या बाजूला, मधली डिफेंडर. तिला कळलं की इटलीचा एक जुना डिफेंडर एक दिवस चाकणला पोरींना शिकवायला येणारे, आणि ज्या निवडल्या जातील त्यांना वर्षभर दर रविवारी फुकट कोचिंग. मला ते लई पाहिजे होतं. पण अनोळखी माणसांत माझा आवाजच निघत नाही.

"तू नुसती चल, बोलायचं मी बघते," रेश्मा म्हणाली.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. चिखलीतून मोशीपर्यंत शेअर रिक्षा, तिथून हायवेला चाकणची बस मिळते. उशीर झाला की चौकात कंटेनर अडकतात आणि मग बसमध्ये बसून दुसऱ्यांचे डबे हुंगायचे. आमच्या शेजारी फर्स्ट शिफ्टला चाललेला एक दादा होता. आमच्या बॅगा बघून म्हणाला, "कुठल्या कंपनीत गं?"

"डिफेन्सला," रेश्मा म्हणाली.

"मग देहूरोडला मिलिटरीच्या डेपोत जायचं ना, उलट्या बाजूला कुठं चालला?"

मी खिडकीत तोंड घालून हसले. चाकणला उतरून मिसळ खाल्ली. खेळायला जाणार असाल तर तर्री मागू नका. रेश्मानं दोनदा मागितली.

ग्राउंड म्हणजे कंपन्यांच्या मागची मुरमाची मोकळी जागा. पलीकडच्या रोडवर ट्रक सारखे चालू. कोच पांढऱ्या केसांचे, डाव्या पायानं जरा लंगडत होते. त्यांच्याकडं कोचला मिस्टर म्हणतात, म्हणून आम्हीपण मिस्टरच म्हणायला लागलो. त्यांचा आवाज पार बसलेला. त्यांचं बोलणं तिथल्याच एका इटालियन कंपनीतल्या इंजिनियर ताई मराठीत सांगत होत्या.

मिस्टरांचे वडील फरशीच्या कारखान्यात होते. हे सतरा वर्षांचे असताना क्लबात घेतलं, मग रिटायर होईपर्यंत डिफेंडरच. गोल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोठ्या क्लबनं एकदाच बोलावलं, तेव्हाच गुडघा गेला. आता बारा-चौदा वर्षांच्या पोरांना शिकवतात. म्हणाले, "माझं नाव कुणाला आठवत नाही. पण माझ्यासोबत खेळलेल्यांना माझा आवाज आठवतो. डिफेंडर आधी गळ्यानं खेळतो."

दुपारी मॅच लावली. मी चांगली खेळत होते, मिस्टर दोनदा माझ्याकडं बघून मान हलवून गेले. मग लांबून बॉल आला आणि रेश्माच्या पाठीमागून एक पोरगी पळाली. मला ती सगळ्यांच्या आधी दिसली. मी हात वर करून दोन बोटं मागं वळवली.

आता हे सांगायला पाहिजे. मी कंपनीत प्रेसशॉपमध्ये, म्हणजे मोठ्या मशीनवर पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढतात तिथं, पार्ट चेक करते. मशीनच्या आवाजात तिथं कोणी बोलत नाही, सगळं हातानं. दोन बोटं मागं म्हणजे मागं बघ. दोन वर्षांत तीच सवय लागली.

गोल झाला.

"अगं, मला पाठीला डोळे हायत का?" रेश्मा ओरडली.

मिस्टरांनी शिट्टी मारली. ताईंनी विचारलं, "तुला दिसली होती ती?"

मी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

प्रेसशॉपचं सांगायचं होतं. एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी बूट बघत उभी राहिले.

शेवटी मिस्टरांनी निवड वेगळ्याच पद्धतीनं केली. ते एका गोलजवळ उभे राहिले, आम्ही दुसऱ्याजवळ. प्रत्येकीनं आपलं नाव ओरडायचं, त्यांना ऐकू गेलं तर ती आत. रेश्माचं तर पार ट्रकवाल्यांनी ऐकलं असेल.

माझी पाळी आली. तोंड उघडलं. मागं हॉर्न वाजत होता, तो थांबला, तरी माझं काही निघेना. मिस्टरांनी कानाला हात लावला. मी हात वर केला.

"सुनीता तिचं नाव," रेश्मा ओरडायला लागली.

मिस्टरांनी तिला गप्प केलं आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग पुढचीला बोलावलं.

निघताना ताई माझ्याजवळ आल्या. "ते म्हणतायत, सगळ्यांत आधी तुलाच दिसतं. त्यांना वाईट वाटलं." मी त्यांना थँक्यूपण म्हटलं नाही. बसमध्ये रेश्मानं अर्ध्या रस्त्यात चिक्की काढून माझ्या हातात दिली.

आता ती रविवारी एकटी चाकणला जाते. आल्यावर काय शिकवलं ते मला आमच्या गल्लीत दाखवते. मी शिकते. पण ते चाकणसारखं नाही.

सोमवारी प्रेस चालू असताना मी माझं नाव ओरडून बघितलं. पूर्ण, आडनावासकट. निघालं. समोरच्या ऑपरेटर दादांना फक्त माझं तोंड हललेलं दिसलं. त्यांनी हातानंच विचारलं, काय? मी हातानंच सांगितलं, काही नाही.

थांबा, आई आतून सांगतीये, लातूरच्या मावशीला जुळं झालं. दोन्ही मुली. फोन स्पीकरवर टाकलाय, दोघींना अजून नावपण नाही, पण एकदम रडतायत, पार गल्लीत ऐकू जातंय.