श्वासावर सुरू होणारी मिसळ

आमच्या वरच्या मजल्यावरचे नामवंत पियानोवादक देशोदेशी व्हायोलिन आणि चेलोवाल्यांसोबत वाजवतात. तिथे सगळ्यांनी एकदम सुरू करायचं, म्हणून इशारा श्वासाचा. ही सवय त्यांना नाशकातही सुटत नाही.

दर रविवारी आम्ही शेजारी मिळून गंगापूर रोडला मिसळ खायला जातो. ते भुवया उंचावतात, नाकाने सूंऽऽ करून श्वास ओढतात, मान हलवतात. मगच पाव मोडायचा. एकदा मी आधीच घास घेतला.

"अहो, काय हे! चला, पुन्हा पहिल्यापासून."

सगळ्यांनी मुकाट पाव खाली ठेवले.

हॉटेलवाला मला हळूच म्हणाला, "साहेबांची सर्दी लय जुनी हाय का?"

सध्या ते दौऱ्यावर आहेत. आज मिसळ केव्हाच आली, फरसाण मऊ पडलं, तरी आम्ही चौघं एकमेकांच्या नाकाकडे बघत बसलोय.