जोडीतली उरलेली डबी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी लातूरच्या वायरवाल्या चाचांचं नाव घेतो. आईवडिलांचं घेत नाही, कारण ते मला आठवतच नाहीत. आणि चाचांचं नाव घेतलं की लगेच हेही सांगून टाकतो, की इतका हट्टी, इतका तिरपागडा आणि छतांशी जन्माचं वैर धरलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल.

छतांचं आधी सांगतो. चाचांचं दुकान औसा रोडवर, पत्र्याचं. मागं राहायची खोली, तीही पत्र्याची. चारी बाजूंनी क्लासेसच्या इमारती मजल्यांवर मजले चढवत होत्या आणि मधे हे खोपट उन्हात तापत पडलेलं असायचं. त्या पत्र्याखालीही चाचा झोपत नसत. अंगणात लोखंडी खाट, पाऊस आला तर अंगावर ताडपत्री, पण आत यायचं नाही. एकदा गारा पडायला लागल्या तेव्हा डोक्यावर पातेलं धरून खाटेवरच बसून राहिले. मी दारातून ओरडलो, "चाचा, आत या की!" तर म्हणाले, "गारेनं टेंगूळ येतं बाबा, जीव न्हाई जात." कुठल्या इमारतीत कॅमेरे बसवायचं काम मिळालं की मालक जागा दाखवू लागे आणि चाचा वर बघत, स्लॅबला काठी ठोकत फिरत. "साहेब, हे दार आत उघडतंय का भायेर?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बिचाऱ्या मालकाला आयुष्यात कोणी हे विचारलेलं नसे.

ह्या वैराचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी हसत नसे. किल्लारीजवळचं आमचं गाव भूकंपात गेलं. चाचा त्या दिवशी गणपतीच्या मिरवणुकीची लायटिंग करायला लातूरला आले होते, म्हणून वाचले. परत गेले तेव्हा घर नव्हतं आणि घरात झोपलेली हलीमाचाची नव्हती. त्यांच्या भिंतीला भिंत लागून आमचं घर. त्यात माझे आईवडील गेले. मी पाळण्यात होतो, पाळण्यावर तुळई आडवी पडली, म्हणून उरलो. मला नायगावच्या मामांनी नेऊन वाढवलं. दहावीनंतर मामा मला घेऊन लातूरला आले, कारण डोकं असलेल्या पोराला लातूरला घालायचं अशी तेव्हा रीतच झाली होती. चाचा कुठल्याशा खांबाला शिडी लावून वर चढलेले होते. मामा खालून म्हणाले, "तुमच्याच गावचं लेकरू हाय. शिकायला आणलंय." वरून आवाज आला, "कोणाचं?" मामांनी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. चाचा बराच वेळ शिडीवरच थांबले. हातातली पक्कड खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "भिंतीपल्याडचं म्हणा की. राहू द्या इथंच."

असा मी राहिलो. आम्ही लिंगायत, घरी मांसाहार नाही, गळ्यात लिंग. चाचांनी माझ्यासाठी नवा तवा आणि नवं पातेलं आणलं आणि खिळ्याला वेगळं टांगलं. पण मग त्यांना वाटलं असावं, की पोराला वासानंही कसंतरी होईल. त्यांनी जाहीर केलं की डॉक्टरनं त्यांना गोश्त बंद केलंय. दोन वर्षं ते माझ्याबरोबर मेथी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी खात होते आणि त्या डॉक्टरला रोज शिव्या देत होते. तो डॉक्टर कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बकरी ईदेला पाहुण्यांनी पाठवलेला डबा त्यांनी उघडून नुसता नाकाशी धरला, झाकण लावलं आणि शेजारच्याला देऊन टाकला. मला म्हणाले, "तू वाच. माझ्याकडं काय बघून राहिलास?"

चाचांचा धंदा काळाबरोबर बदलत गेला. आधी लायटिंग, मग केबल टीव्ही आणि क्लासेसची भरभराट झाली तसे कॅमेरे. ज्या सरांचा एकच हॉल होता त्यांच्या गावभर इमारती झाल्या, नांदेडला शाखा निघाली, आणि प्रत्येक सरांना आपल्या खुर्चीत बसून सगळी पोरं दिसायला हवी होती. तांब्याच्या तारेतून कॅमेऱ्याचं चित्र फार लांब जात नाही, गल्ली ओलांडेपर्यंत दमतं. पुढं काचेचा धागा, म्हणजे फायबर, टाकावा लागतो आणि त्याच्या दोन टोकांना दोन ट्रान्सीव्हर. दुकानात त्याला कोणी ट्रान्सीव्हर म्हणत नसे, आम्ही डबी म्हणायचो. एक डबी चित्राचा उजेड करून धाग्यात सोडते, दुसरी त्या उजेडाचं पुन्हा चित्र करते. त्या जोडीनं येतात, एकीवर ए, दुसरीवर बी. एकीचा उजेड दुसरीलाच कळतो. दोन ए समोरासमोर लावल्या तर दोघी नुसत्या बोलत बसतात, ऐकत कोणीच नाही. आणि दोन्ही टोकं नीट लागली तरच दोघींवर हिरवा दिवा लागतो. एकट्या डबीवर कधी लागत नाही.

कंपनीची ए आणि बी ही अक्षरं चाचांना पुरत नसत. नवी जोडी खोक्यातून काढली की ते मार्करनं एकीवर नवऱ्याचं नाव लिहीत आणि दुसरीवर बायकोचं. आमच्या गेलेल्या गावातली जोडपी. गुरुलिंग आणि भागीरथी, रसूल आणि जैतून, माणिक आणि चंद्रकला. त्यामुळं दुकानात येणारे फोन ऐकण्यासारखे असत. एका होस्टेलचा वॉर्डन नेहमी घाबऱ्या आवाजात म्हणायचा, "चाचा, भागीरथीचा लाईट गेला!" चाचा शांतपणे विचारायचे, "गुरुलिंगाचा हाय का? तो बंद पडला की ती बोलत न्हाई. जित्ती होती तवा बी असंच होतं." नव्यानं लागलेल्या वॉर्डनला वाटायचं की चाचांचे नातेवाईक आजारी आहेत.

ह्या नावांपायी चाचांनी एक नियम केला होता, आणि तो धंद्याला साफ बुडवणारा होता. वळवाची वीज कुठं जवळ पडली की डब्या जळतात. बहुतेक वेळा जोडीतली एकच जळते, दुसरी ठणठणीत राहते. कोणीही शहाणा माणूस जळालेली टाकून तिथं तसलीच दुसरी लावेल. चाचा दोन्ही काढत. जळालेली आणि चांगली, दोघींना एकत्र रबर लावून खालच्या कप्प्यात ठेवत आणि तिथं कोरी जोडी लावत. मी शिकत होतो, मला हे सहन होत नसे. मी म्हणालो, "चाचा, भागीरथी चांगली आहे. तिला दुसरा ए लावला तरी चालतंय." चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "भागीरथीबाईला विचारलंस का तू?"

सरांशीही त्यांचं असंच. अभ्यासिकेत कॅमेरा बसवायचा होता, पेंगणारी पोरं पकडायला. चाचांनी बसवला, पण तोंड दाराकडं आणि जिन्याकडं केलं. सर चिडले. "चाचा, मला दार नाही बघायचं, पोरं बघायचीत!" चाचा शिडीवरून म्हणाले, "सर, पोरगं झोपलं तर मार्क जातेत. दार अडकलं तर पोरगं जातंय." तिथं शेवटी दोन कॅमेरे लागले. ह्याच सरांकडं मी शिकलो. चाचांनी सौदा केला होता, "मी तुमचे कॅमेरे सांभाळतो, तुम्ही ह्याला सांभाळा."

माझ्या वर्गाच्या कॅमेऱ्याला लावलेली जोडी महादेव आणि कमल यांची होती. माझ्या आईवडिलांची. आई फळ्याच्या वर, छताजवळच्या पेटीत, आणि वडील सरांच्या केबिनमध्ये. माझ्याकडं त्यांचा फोटो नाही. घराबरोबर सगळं गेलं. मार्करनं लिहिलेली ती दोन नावं, एवढंच. पहिल्या दिवशी चाचांनी मला पेटी उघडून दाखवली आणि म्हणाले, "आई वर हाय. पेंगू नको." मी पेंगलो नाही. इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच.

पुढं एका केबल कंपनीचा धागा लातूरहून किल्लारीकडं गेला. त्याच्या जोडण्या सांभाळायचं काम चाचांना मिळालं. त्यांनी मालकाकडं एकच मागणं घातलं: त्यातला एक रिकामा धागा. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावापासून जुन्या जागेपर्यंत त्यांनी स्वतः केबल ओढली. जुन्या जागेवर आता काही नाही. दगडांचे ढीग, बाभळी, डागडुजी केलेला दर्गा आणि चाचांच्या दारातलं कडुलिंबाचं झाड. दर्ग्याच्या मीटरवरून वीज घेऊन त्यांनी झाडाकडं तोंड करून कॅमेरा लावला, आणि लांब पल्ल्याची एक भारी जोडी. मी विचारलं, "चाचा, तिथं चोरायला काय आहे?" ते म्हणाले, "काय न्हाई. म्हणून तर तिकडं कोणी बघत न्हाई." गावाकडच्या डबीवर त्यांनी हलीमा लिहिलं. दुकानातल्या डबीवर स्वतःचं नाव लिहायला लाजले. नुसतं 'मी' लिहिलं.

मग रोज सकाळी चहा घेऊन ते जुन्या टीव्हीसमोर बसू लागले. लिंबाला पालवी आली, लिंबाचा मोहर गळाला, अशा बातम्या मला पुण्यात फोनवर मिळत. शेळ्या आल्या की ते लातुरात बसून पडद्यावर "हाऽट, हाऽट" करत, आणि शेळ्या हलत नाहीत म्हणून दर्ग्याच्या मुजावरांना फोन लावत. "मियाँ, बाहेर निकलो जरा, काळी शेळी ऐकून न्हाई राहिली." मुजावरांनी सांगितलं, "ती शेळी माझीच आहे." दोघांचं महिनाभर बोलणं बंद होतं.

ह्या उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. चाचा शिडीवरून पडले आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, आता प्रवास बंद. हा डॉक्टर खरा होता. आणि वळवाच्या पहिल्याच विजेत गावाकडची डबी जळाली.

मी भेटायला गेलो तेव्हा चाचा टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही चालू, पडदा काळा. डबीची जागा रिकामी होती; 'मी' कप्प्यात गेली होती. चहा निवून त्याच्यावर साय धरली होती. दुकान बरेच दिवस उघडलेलं दिसत नव्हतं, फोन वाजत होता तो उचलत नव्हते. शेजारच्या मेसवाल्या मावशी म्हणाल्या, "डबा देते, तसाच परत येऊन राहिलाय. तुझं ऐकतेत, बोल काहीतरी."

मी म्हणालो, "चाचा, गावाकडं दुसरी डबी लावतो. तुमची चांगली आहे."

"हलीमाच्या जागी दुसरी बसवू?"

"डबी आहे हो ती."

"तंबूत होतो ना आम्ही, भूकंपानंतर," ते पडद्याकडंच बघत म्हणाले, "तवा लोक असंच बोलायचे. हिचा नवरा गेला, ह्याची बायको गेली, लावा जोडी. लावल्या बी. चांगले राहिले ते, मी वाईट न्हाई म्हणत. मला न्हाई जमलं."

"मग कोरी जोडी लावू. दोन नवी नावं लिहू."

"कोणाची लिहितोस? संपली रे नावं. गावातल्या सगळ्या जोड्या लावून झाल्या."

पुण्याला परत आलो, पण तो काळा पडदा डोळ्यांपुढून जाईना. चाचांना मी ओळखतो. त्यांनी दुकान बंद केलं म्हणजे नुसतं दुकानच बंद केलं नव्हतं. महिन्याच्या आत रजा काढली, लातूरला न थांबता पुढं गेलो, आणि किल्लारीहून लातूरला निघालेल्या जीपवाल्याच्या हाती ही चिठ्ठी दिली.

चाचा,

सलाम. फोन न करता चिठ्ठी देतोय, कारण फोनवर तुमचं 'न्हाई' फार लवकर येतं.

मी पुण्यात नाही. आपल्या जुन्या गावात, दर्ग्याच्या ओट्यावर बसून लिहितोय. कॅमेरा पुसला आहे. लिंबाची एक मोठी फांदी विजेनं गेली, बाकी झाड उभं आहे. आधीच सांगतो, म्हणजे बघून दचकू नका.

हलीमाचाचीची डबी काढून रुमालात बांधली आहे, तुमच्याकडं आणतो. तिथं दुसरी लावली आहे. जोडीतली नाही, एकटीच आणली, दुसऱ्या कंपनीची. तुमच्या डबीचा उजेड तिला कळतो, एवढं मी पक्कं करून घेतलंय. तिच्यावर चाचीचं नाव लिहिलेलं नाही. चाचीच्या जागी कोणी नाही. माझं नाव लिहिलंय. नावं संपली असं तुम्ही म्हणालात, तेव्हा हे एक राहिलं होतं.

तुमची आणि माझी जोडी तरी कुठं एका खोक्यातून आली होती, चाचा? तुमच्याकडचं एक गेलं, आमच्याकडची दोन गेली. भिंतीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक उरला, आणि तुम्ही दोन वर्षं मेथी खाल्लीत.

आता कप्प्यातून 'मी' काढा आणि धागा लावा. तिकडं लावल्याशिवाय इकडं दिवा लागत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. मुजावर डबीपाशी बसलेत, दिवा लागला की हाक मारणार आहेत. मी अंधार पडेपर्यंत लिंबाखाली आहे. काळी शेळी आली आहे. तिला मी हाकललं नाही, तुमच्यासाठी ठेवली आहे.

तुमचा,
शिवा